दोन वह्या

मामीने पलंगाशेजारच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या होत्या. पहिलीत ती मामाला दिवसातून किती वेळा शौचाला झाले याच्या रेघा ओढत असे. दुसरीत मामाने रोज सकाळी उठल्यावर, तोंड धुऊन झाले की स्वतःची सही करायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पहिल्या वहीत दोन किंवा तीन रेघा असल्या की दुसऱ्या दिवशीची सही नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराखालून वळण घेऊन मागे येणारी असायची. एखाद्या दिवशी रेघ एकच पडली, किंवा पडलीच नाही, की सही ओळीवरून घसरायची, अक्षरे एकमेकांवर चढायची, आणि एकदा तर आडनाव निम्मे लिहून त्याने पेन तसेच कागदावर टेकवून ठेवले होते, त्या जागी शाईचा बोराएवढा डाग पडला होता. मामाचे सगळे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. त्याच्या सहीसाठी लोक तिष्ठत बसत. तीच सही आता त्याच्या आतड्यांच्या लहरीवर चालत होती, आणि हे मला कितीतरी दिवस समजतच नव्हते.

दारूने यकृत खराब होते, कावीळ होते, पोटात पाणी होते, एवढे इतरांइतके मलाही ठाऊक होते. पण पोट साफ न होण्याचा आणि अक्षर बिघडण्याचा काय संबंध? एकदा तपासणीला मी त्याच्याबरोबर गेलो असताना डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून, समोरून येणाऱ्याला थांबवावे तसे पंजे वर उचलायला सांगितले. मामाने उचलले. दोनतीन क्षण ते स्थिर राहिले आणि मग मनगटे मधूनच गळू लागली, पुन्हा सावरू लागली, पुन्हा गळू लागली, दमलेले पाखरू पंख हलवते तसे. मामा स्वतःच्या हातांकडे परक्या वस्तूकडे पाहावे तसा बघत होता. डॉक्टरांनी औषधाची मात्रा वाढवली, आणि ते औषध मेंदूचे नव्हते, यकृताचेही नव्हते. तो लॅक्टुलोजचा पाक होता, म्हणजे माणसाला पचत नाही अशी एक साखर.

ती आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचते. ते तिच्यापासून आम्ल तयार करतात, त्या आम्लात आतड्यातला अमोनिया अडकून पडतो आणि पोट सैल झाले की बाहेर जातो. हा अमोनिया बऱ्याच अंशी जिवाणूंनीच प्रथिने आणि युरिया फोडून बनवलेला असतो. निरोगी यकृत तो रक्तातून उचलून युरियात बदलते आणि मूत्रपिंडाकडे धाडते, त्यामुळे आपल्याला त्याची कधी जाणीवही होत नाही. मामाच्या यकृताला ते काम झेपत नव्हते. जे रक्तातून उचलायचे ते तसेच पुढे, थेट मेंदूपर्यंत जात होते. दिवसा पेंगणे आणि रात्री टक्क जागे राहणे हे त्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असते, हे आम्हांला नंतर कळले. तोपर्यंत आम्ही सगळे त्याला आळशी म्हणत होतो.

ही गोष्ट नवी नाही. निकोलाय एक (Eck) या रशियन शल्यविशारदाने १८७७ साली कुत्र्यांमध्ये आतड्याकडून यकृताकडे येणारी मोठी शीर यकृताला वळसा घालून थेट महाशिरेला जोडून पाहिली. पुढे १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांवर सविस्तर प्रयोग केले. हे पावलोव्ह म्हणजे घंटा ऐकून लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे शाळेच्या पुस्तकात आलेले तेच. शस्त्रक्रियेतून वाचलेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातले की ती बिथरत, झोकांड्या देत, त्यांना झटके येत आणि काही बेशुद्ध होत. यकृत जागेवर होते, आतडे जागेवर होते, फक्त त्या दोघांमधला रस्ता बदलला होता. मामाचा रस्ता कोणी कापून जोडलेला नव्हता. त्याचे यकृत आतून इतके कडक झाले होते की रक्तानेच आडवाटा शोधल्या होत्या.

यकृताला दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळते आणि त्यातले सुमारे पाऊण हृदयाकडून थेट न येता आतड्यांकडून येते. शरीरातल्या इतर अवयवांना धमन्यांतून ताजे रक्त मिळते, यकृताच्या वाट्याला मात्र मुख्यतः आतड्यांचा निथळ येतो. चरबीचा बराचसा भाग सोडला तर अन्नातून शोषलेले बाकी सगळे, औषधे, मद्य, आणि आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंनी बनवलेले चांगलेवाईट सगळे पदार्थ आधी इथे येतात, निवडले जातात आणि मग उरलेल्या शरीराकडे जातात. भाषेचीही एक गंमत आहे. आपण काळीज म्हणतो तेव्हा बोट छातीच्या डाव्या बाजूकडे जाते, पण अमरकोशात यकृताला कालखंड असा पर्याय आहे, आणि कलेजी हा शब्द तर आजही यकृतालाच चिकटून आहे. मराठीने कधीतरी काळीज उचलून वर, हृदयाशेजारी नेऊन ठेवले. काळजाचा खरा शेजारी मात्र खालीच राहिला, आणि तो म्हणजे आतडे.

मामा स्वतःला कधीच दारुडा समजला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही त्याला तसे म्हटले नाही. तो झोकांड्या देत घरी आला नाही, कामावर खाडा केला नाही, कोणावर हात उगारला नाही. रोज रात्री जेवणापूर्वी तीन पेग, साठ साठ मिलिलिटरचे, आणि सुटीच्या दिवशी चार. चाळीस टक्क्यांच्या मद्याचे साठ मिलिलिटर म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तीन पेगांचे ५७ ग्रॅम, आठवड्याचे चारशेच्या वर. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असे म्हणणाऱ्यांसाठी हेही सांगतो की पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १३ ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत बाटलीवरचे नाव वाचत नाही, ते ग्रॅम मोजते. हिशेबनीस असलेल्या माझ्या मामाने आयुष्यात हा एकच हिशेब कधी मांडला नव्हता.

प्यायलेल्या मद्याचे यकृत आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवते आणि मग त्याचे अ‍ॅसिटेट. पहिला पदार्थ विषारी आहे. तो प्रथिनांना चिकटतो, डीएनएला इजा करतो. शिवाय ही प्रक्रिया चालू असताना पेशीतला रासायनिक तोल असा ढळतो की चरबी जाळण्याचे काम मागे पडते आणि चरबी साठवण्याचे पुढे येते. नियमित, भरपूर पिणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या यकृतात चरबी जमते ती अशी. एके काळी डॉक्टरांचेही मत होते की पिणारा माणूस नीट जेवत नाही म्हणून त्याचे यकृत जाते, दारूचा थेट दोष नाही. चार्ल्स लीबर यांनी १९६०च्या दशकात स्वयंसेवकांना सकस आहाराबरोबर मद्य देऊन दाखवले की आहार उत्तम असला तरी काही दिवसांतच यकृतात चरबी साठते. मामा रोज व्यवस्थित जेवायचा, आणि त्याचा त्याला मोठा आधार वाटायचा.

चरबी जमण्यापर्यंतची गोष्ट यकृताच्या आत घडते. तिथून पुढे दाह, जखम भरल्यावर मागे राहणारे व्रण आणि त्यांनी यकृत कडक होणे, म्हणजे सिरॉसिस, यांमध्ये शेजाऱ्याचा हात असतो, आणि मला सगळ्यात थक्क केले ते या भागाने. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. एवढा जिवाणूंचा बाजार एकीकडे आणि आपले रक्त दुसरीकडे, मध्ये एका पेशीच्या जाडीची भिंत आणि तिच्यावर बुळबुळीत श्लेष्माचा लेप. या पेशी एकमेकींना विशिष्ट प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात आणि दर चारपाच दिवसांनी जवळजवळ सगळा थर नव्याने तयार होतो. मद्य आणि त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे टाके उसवतात. नियमित पिणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची संख्या वाढते आणि त्यांच्यातला समतोलही बिघडतो. मग काही जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, भिंतीतून निसटून थेट यकृतात येतात. हे घडायला वर्षे लागतातच असेही नाही. निरोगी माणसांनी एका बैठकीत भरपूर मद्य घेतले तरी काही काळ रक्तातले एंडोटॉक्सिन वाढते, हे मोजलेले आहे.

यकृतात या तुकड्यांची वाट पाहत कुप्फर पेशी बसलेल्या असतात. त्या पहारेकरी आहेत. आलेला कचरा गिळायचा आणि धोका दिसला की हाकाटी करायची, हे त्यांचे काम. रोज रात्री हाकाटी होऊ लागली की तिचाच त्रास होतो, कारण ती दाह पेटवणाऱ्या रसायनांची असते आणि तिच्यात यकृताच्या स्वतःच्या पेशी होरपळतात. १९९४-९५ च्या सुमारास उंदरांवर दोन प्रयोग झाले. एकात या कुप्फर पेशी निष्प्रभ केल्या, दुसऱ्यात प्रतिजैविके देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले. दोन्ही वेळा उंदरांना मद्य मिळतच होते, तरी यकृताची सुरुवातीची इजा बऱ्याच प्रमाणात टळली. मी हे वाचले तेव्हा मामाचा चौथा पेग डोळ्यांसमोर आला. तो पेग फक्त यकृतात उतरत नव्हता, तो आतड्याचे दारही किलकिले करून ठेवत होता.

या दाहाची झळ आणखी एका प्रकारच्या पेशींना लागते. ताऱ्याच्या आकाराच्या या पेशी एरवी शरीरातले बरेचसे अ जीवनसत्त्व पोटात घेऊन निवांत पडून असतात. सतत डिवचल्या गेल्या की त्या जीवनसत्त्व टाकून देतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखम भरावी म्हणून विणलेले हे धागे वर्षानुवर्षे साचत जातात, मऊ यकृत गाठीगाठीचे होते आणि आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी होते. मामाच्या सोनोग्राफीत याला ‘खडबडीत’ एवढा एकच शब्द होता.

पण मामाच का? त्याच्या बैठकीतले दोघे त्याच्याहून जास्त पीत आणि ते आजही ठणठणीत आहेत. मामीला हा अन्याय वाटतो, आणि तिला समजावण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नाही. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिरॉसिस होतो. काहींच्या पीएनपीएलए३ नावाच्या जनुकात एक बदल असतो, तो चरबी आणि व्रण दोन्ही वाढवतो. स्त्रियांना तेवढ्याच मद्याने अधिक इजा होते. वजन जास्त असेल तर दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात. आणि जिवाणू आहेतच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णाचे आतड्यातले जिवाणू उंदरांत सोडले, तर दुसऱ्या काही उंदरांत, तितकेच पिणाऱ्या पण यकृतदाह नसलेल्या माणसाचे. मग सगळ्यांना सारखे मद्य दिले. पहिल्या गटाच्या यकृताची अवस्था अधिक वाईट झाली.

२०१९ साली तर संशोधकांनी एका विशिष्ट जिवाणूपर्यंत बोट नेले. एन्टरोकॉकस फीकॅलिस हा आतड्यातला तसा जुनाच रहिवासी, पण त्याचे काही वाण सायटोलायसिन नावाचे विष सोडतात आणि ते यकृताच्या पेशी मारते. मद्यजन्य यकृतदाहाच्या ज्या रुग्णांच्या विष्ठेत हे विष बनवणारा वाण सापडला, त्यांतले ८९ टक्के १८० दिवसांत दगावले. ज्यांच्यात सापडला नाही, त्यांत हे प्रमाण चार टक्क्यांहून कमी होते. रुग्ण थोडे होते हे खरे, पण एवढी तफावत दुर्लक्षिण्यासारखी नाही. या जिवाणूंना मारणारे विषाणू त्यांनी सांडपाण्यातून शोधून काढले, उंदरांना दिले आणि उंदरांचे यकृत सावरले. सांडपाण्यातून औषध शोधण्याची ही बातमी मी मामाला वाचून दाखवली तेव्हा तो पुष्कळ दिवसांनी मनापासून हसला.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. रात्रीच्या बैठकीनंतर सकाळी जळजळ नको म्हणून तो वर्षानुवर्षे आपल्याच मनाने आम्लपित्ताची गोळी घेत असे. जठरातले आम्ल हा जिवाणूंवरचा पहिला चौकीपहारा असतो. तो उठवला की याच एन्टरोकॉकसची आतड्यात वाढ होते आणि मद्याने होणारी यकृताची इजा बळावते, असे २०१७ मध्ये उंदरांत दिसले. डॉक्टरांनी कारणासाठी दिलेली गोळी या वाक्यामुळे कोणी बंद करू नये. मी बोलतो आहे तो दारूवर उतारा म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळीबद्दल.

आता माझे सांगतो. मामाच्या आजारपणाच्याच वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी सोनोग्राफी झाली आणि अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ असे आले. यकृताला इजा झाली की रक्तात वाढते ते एसजीपीटीही वाढलेले होते. मी दारूला कधी स्पर्श केलेला नाही, आणि त्याचा मला जो सूक्ष्म अभिमान होता, तो मामाच्या उशाशी बसून त्याचे औषध मोजताना थोडा जास्तच सुखावत असे. अहवाल मी घडी घालून खिशात ठेवला होता, पण मामीने विचारले आणि मला सांगावेच लागले. मामा छताकडे पाहत पडला होता. तसाच म्हणाला, “काय रे, तू तर पीत नाहीस. मग तुझं कसं?” त्या आवाजात टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

न पिणाऱ्यांचे यकृत पिणाऱ्यांसारखे दिसू शकते, या गोष्टीला १९८० पर्यंत धड नावही नव्हते. युर्गेन लुडविग यांनी त्या वर्षी मेयो क्लिनिकमधल्या २० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली थेट मद्यपीचा वाटत होता, आणि त्यांतले बहुतेक स्थूल होते. लुडविग यांनी नाव दिले ते नकारावर उभे होते, ‘अल्कोहोलविना होणारा’. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी हे नाव बदलून आजार चयापचयाशी जोडला. पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब, चरबीचे प्रमाण यांतले काही बिघडलेले असेल आणि यकृतात चरबी असेल, तर तो हा आजार. त्याच वेळी चयापचयही बिघडलेला आणि आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम पिणारे पुरुष, किंवा १४० ते ३५० ग्रॅम पिणाऱ्या स्त्रिया, यांच्यासाठी एक मधला गटही केला. मामा त्या गटाच्या वरच्या कडेला बसतो, मी त्याच्या शेजारच्या रकान्यात. नावे बदलून काय होते, असे मलाही वाटत असे. पण या वर्गीकरणाने आम्हां दोघांना एकाच तक्त्यात आणले, आणि ते मला पटले.

माझ्या बाबतीतही भिंत तीच आहे. साखर घातलेली पेये, त्यांतले फ्रुक्टोज, तासन्तास बसणे, तंतुमय पदार्थांची वानवा आणि अपुरी झोप यांनी आतड्यातला समतोल सावकाश ढासळतो आणि यकृत चरबी बनवू लागते. काहींच्या आतड्यात तर दारूही बनते. बीजिंगमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एका माणसाची हकीकत लिहिली. तो दारू न पिता गोड खाऊन झिंगत असे आणि त्याच्या यकृताला गंभीर दाह झाला होता. शोध घेतला तेव्हा त्याच्या पोटात भरपूर अल्कोहोल तयार करणारा क्लेबसिएला जिवाणू निघाला. पुढे तपासणीत फॅटी लिव्हरच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत असे वाण सापडले. मी ‘कधी स्पर्श केला नाही’ असे छाती फुगवून म्हणतो, त्याला आता माझ्यापुरती ही एक तळटीप जोडावी लागते.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि त्यांना दुसरा पर्याय मला दिसलेला नाही. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणि जिवाणूंच्या कॅप्सूल मीही घेऊन पाहिल्या. एका विक्रेत्याने तर माझा अहवाल न पाहताच तीन महिन्यांचा ‘कोर्स’ बांधून दिला होता. त्या तीन महिन्यांनंतर एसजीपीटी होते तिथेच होते. २०१५ च्या एका अभ्यासात २९३ रुग्णांनी वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळला. ज्यांचे वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक उतरले, त्यांतल्या ९० टक्क्यांचा दाह गेला आणि ४५ टक्क्यांचे व्रणही मागे हटले. तेवढे वजन उतरवणारे मात्र दहांत एकच निघाले. माझे ८४ किलोंचे ७८ झाले आहे, म्हणजे सात टक्के, आणि गेले चार महिने काटा तिथेच अडून बसला आहे.

मामाने दारू सोडली त्याला येत्या पावसाळ्यात तीन वर्षे होतील. चरबी असती तर काही आठवड्यांत उतरली असती, व्रण तेवढ्या सहज जात नाहीत. पण आगीला रोज घातले जाणारे इंधन थांबले. पोटातले पाणी ओसरले, कावीळ गेली, आणि रिफॅक्सिमिन नावाचे आतड्यातच राहून काम करणारे प्रतिजैविक लॅक्टुलोजच्या जोडीला आल्यापासून त्याचे हात बहुतेक वेळा स्थिर राहतात. डॉक्टर म्हणाले, सही आता रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. त्याने ऐकले नाही. रोज सकाळी तो सही करतो आणि रविवारी वहीच्या पानाचा फोटो मला पाठवतो, मी त्याला माझे वजन कळवतो. कोणी कोणाला काही उपदेश करत नाही.

गेल्या रविवारचे पान आले त्यात सहा सह्या ओळीवर होत्या. सातवी थोडी कलली होती, वळण अर्ध्यातच थांबले होते, आणि तिच्या खाली मामीने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘काल रेघ एकच.’ मी माझे वजन कळवले. ते अर्ध्या किलोने वाढले होते.